दुसऱ्या वर्षाची रशियन : प्रस्तावना

महाविद्यालयात रशियन भाषा घेणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी तिच्या लिपीची तेहतीस अक्षरे आत्मसात करतो, सहा विभक्तींचे तक्ते पाठ करतो, आपले नाव, गाव, घरची माणसे आणि दिनक्रम यांविषयी थोडीफार वाक्ये बोलू लागतो, आणि वर्षअखेरीस आपण बरीच मजल मारली अशी त्याची, व पुष्कळदा त्याच्या शिक्षकांचीही, खात्री पटते. ही खात्री अगदीच निराधार नसते. परंतु दुसऱ्या वर्षाच्या आरंभी जेव्हा त्याच्यापुढे एखादी अस्सल रशियन गोष्ट, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम रचलेली नव्हे तर रशियन माणसाने रशियन माणसांसाठी लिहिलेली गोष्ट, येते, तेव्हा शब्दकोशात सारे शब्द सापडूनही आणि विभक्ती ओळखता येऊनही, या जागी हेच क्रियापद का आले व त्याचा जोडीदार का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याला कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. रशियनचा अभ्यास सोडून देणारे बहुतेक विद्यार्थी याच मुक्कामावर तो सोडतात. जे टिकतात त्यांपैकी अनेकजण परीक्षेपुरती भाषा हस्तगत करून थांबतात. या दोन्ही प्रकारच्या हानीचे मला मनापासून दुःख आहे, आणि प्रस्तुत पाठसंग्रह त्या दुःखातूनच सिद्ध झाला आहे.

हा संग्रह दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे प्रमाणपत्र-परीक्षा ओलांडून पदविकेच्या वर्गात आलेल्या, मराठी विद्यार्थ्यासाठी आहे. ‘मराठी’ हे विशेषण येथे शोभेसाठी घातलेले नाही. आमच्याकडे रशियन शिकवली जाते ती बहुतांशी इंग्रजीच्या द्वारे. पुल्किना आणि ज़खावा-नेक्रासोवा यांचे व्याकरण किंवा पोतापोवा यांचे प्रवेशपुस्तक यांवर आमच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या, आणि त्या ग्रंथांचे ऋण मान्य करण्यात मला अभिमानच वाटतो. तथापि जी पुस्तके इंग्रजी जाणणाऱ्या वाचकासमोर ठेवून लिहिली गेली, त्यांत त्या वाचकाला जे जे अपरिचित ते ते विस्ताराने सांगितलेले असावे आणि जे त्याच्या ध्यानी येण्याचे कारणच नाही ते वगळलेले असावे, हे क्रमप्राप्तच आहे. परिणाम असा होतो, की मराठी मुलगा आपल्या घरी असलेली वस्तू परक्याच्या दुकानातून विकत आणतो.

उदाहरणेच घेऊ. रशियनमध्ये लिंगे तीन आहेत, आणि नपुंसकलिंग हिंदीतून लुप्त झाले असले तरी मराठीत ते आजही नांदते आहे. रशियन भूतकाळात क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, लिंगाप्रमाणे बदलते. ‘वाचणे’ या अर्थाच्या क्रियापदाची रूपे चिताल, चिताला, चितालो अशी लिहिली जातात. इंग्रजी व्याकरणकाराला या चमत्काराचे स्पष्टीकरण देण्यास एक परिच्छेद खर्ची घालावा लागतो. ज्याच्या तोंडी लहानपणापासून ‘तो गेला, ती गेली, ते गेले’ बसलेले आहे त्याला त्याची गरज नाही. दोन्हीकडे ‘ल’ यावा हा योगायोग आहे, त्यावरून सगोत्रतेची प्रमेये बांधणे युक्त नव्हे; परंतु दोन्हीकडे क्रियापदाने विशेषणासारखे लिंग धारण करावे याचे कारण मात्र एकच आहे, आणि ते असे की दोन्ही भाषांतील हा भूतकाळ मूळच्या धातुसाधित विशेषणापासून उत्पन्न झाला आहे.

आता ‘आपला’ हा शब्द पाहा. ‘त्याने आपले पुस्तक घेतले’ आणि ‘त्याने त्याचे पुस्तक घेतले’ या दोन वाक्यांत जाणता मराठी माणूस जो भेद करतो, नेमका तोच भेद रशियन माणूस ‘स्वोय’ आणि ‘येवो’ या शब्दांनी करतो. इंग्रजीत तो एका सर्वनामाने करताच येत नाही, आणि इंग्रजीच्या सहवासाने अलीकडे आमच्या लेखनातूनही तो नाहीसा होत चालला आहे, ही खेदाची गोष्ट येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. ‘मला थंडी वाजते’, ‘मला आवडते’ या वाक्यांत ज्याला अनुभव येतो त्याला आपण चतुर्थीत ठेवतो, रशियनही तेथे चतुर्थीच वापरते. ‘हे माझे घर’ असे क्रियापदावाचून आपण म्हणतो, रशियनही म्हणते. ‘मी येईन असे तो म्हणाला’ यात मुख्य क्रियापद भूतकाळी असूनही आतील भविष्यकाळ आपण जसाच्या तसा राखतो, रशियनही राखते. ‘काल आलेला पाहुणा’ यातील ‘आलेला’ आणि ‘पत्र वाचून तो उठला’ यातील ‘वाचून’ या दोन रचना, ज्यांच्यासाठी रशियन व्याकरणांत प्रिचास्तिये आणि द्येप्रिचास्तिये अशी दोन भीतिदायक नावांची प्रकरणे असतात, मराठी मुलाच्या जिभेवर शाळेत जाण्यापूर्वीच असतात. इतकेच काय, ज्या ‘त्स’ध्वनीसाठी इतर प्रांतांतील विद्यार्थी अडखळतात, तो आमच्या ‘चारा’ या शब्दाच्या आरंभी आहे आणि रशियनचा दुसरा च-ध्वनी ‘चार’ या शब्दाच्या आरंभी आहे, एवढे सांगितले म्हणजे काम भागते. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही त्रयी तर महाराष्ट्रात आणि रशियात इतकी सारखी आहे, की रशियन कादंबरीतील नावांनी इतरेजन गोंधळत असता आपल्या विद्यार्थ्याने फक्त एवढेच ध्यानात ठेवायचे असते की तेथे आदराने हाक मारताना नाव आणि पितृनाम दोन्ही उच्चारावयाचे असतात.

येथवर मराठी आपल्याला हात धरून नेते. यापुढे मात्र जे दोन विषय येतात, त्यांत तिचे साह्य अर्ध्या वाटेपर्यंतच पुरते, आणि दुसऱ्या वर्षाचा खरा अभ्यास हा त्या उरलेल्या अर्ध्या वाटेचा अभ्यास होय. पैकी पहिला विषय क्रियापदांच्या जोडीचा. रशियनमध्ये बहुतेक प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदे असतात. एक क्रिया चालू असल्याचे, वारंवार घडल्याचे किंवा नुसती घडल्याचे सांगते, दुसरे ती तडीस जाऊन तिचे फळ हाती आल्याचे सांगते. पहिल्याला अपूर्ण व दुसऱ्याला पूर्ण अशी नावे मी या पुस्तकात योजली आहेत. विद्यार्थी हे लक्षण पाठ करतो आणि ‘वाचत होतो’ व ‘वाचून काढले’ या मराठी प्रयोगांशी त्याची सांगड घालतो. ती सांगड चुकीची नाही. पण मराठीत ‘वाचून काढले’ म्हणणे बोलणाऱ्याच्या मर्जीवर आहे, नुसते ‘वाचले’ म्हटल्याने त्याचे काही अडत नाही. रशियनमध्ये या दोहोंपैकी एकाची निवड केल्याशिवाय भूतकाळातील क्रियापद उच्चारताच येत नाही. प्रत्येक वाक्यात, प्रत्येक क्रियापदापाशी, क्रियेचे पुढे काय झाले याचा जबाब रशियन भाषा बोलणाऱ्याकडून मागून घेते.

खोलीत कोणी आले, खिडकी सताड उघडी दिसली आणि त्याने विचारले, ‘खिडकी कोणी उघडली?’ तर रशियन माणूस ‘क्तो अतक्रील अक्नो’ असे पूर्ण क्रियापद वापरून विचारील. परंतु खिडकी आता बंद आहे, खोलीत मात्र गारवा भरला आहे, मध्यंतरी कोणीतरी ती उघडून पुन्हा लावली असली पाहिजे असे दिसते, तर तोच माणूस ‘क्तो अतक्रिवाल अक्नो’ असे अपूर्ण क्रियापद घालील. कारण उघडण्याचे फळ आता उरलेले नाही. ‘पूर्ण’ व ‘अपूर्ण’ या नावांवर विसंबणारा विद्यार्थी येथे हमखास फसतो, कारण त्याच्या मते खिडकी उघडण्याची क्रिया दोन्हीकडे पुरी झालेली असते. अशा वेळी इंग्रजीकडे न वळता त्याने मराठीकडे वळावे. ‘खिडकी कोणी उघडली?’ आणि ‘खिडकी कोणी उघडली होती?’ या दोन प्रश्नांत आपल्या कानाला जो फरक जाणवतो तो हाच आहे. ‘इव्हान आला’ म्हटले म्हणजे इव्हान अजून घरात आहे, ‘इव्हान आला होता’ म्हटले म्हणजे तो येऊन गेला. रशियन पहिल्या ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी अपूर्ण क्रियापद वापरते. ‘होता’ची ही खूण सर्वत्र लागू पडते असा नियम कोणी करू नये, कारण मराठीतील ‘होता’ इतर कामेही करतो. पण विद्यार्थ्याचा कान एकदा या दिशेला वळला, म्हणजे उरलेली उदाहरणे तो स्वतः टिपू लागतो, आणि त्या टिपण्यातच दुसऱ्या वर्षाचे सार्थक आहे.

दुसरा विषय गतिवाचक क्रियापदांचा. ‘जाणे’ या एका मराठी क्रियापदाच्या जागी रशियनमध्ये निदान चार आहेत. पायी जाण्याची दोन आणि वाहनाने जाण्याची दोन, आणि त्या प्रत्येक दोहोंपैकी एक, एका दिशेने चाललेल्या एका जाण्याचे, तर दुसरे नित्याच्या किंवा जाऊन परत येण्याच्या जाण्याचे. ‘काल मी नाटकाला गेलो होतो’ यात परत येणे गृहीत आहे, म्हणून तेथे ‘खदीत्’ हे क्रियापद येते; ‘तो नाटकाला गेला’ यात तो अजून तिकडेच आहे, म्हणून तेथे ‘ईत्ती’चे कुटुंब येते. येथेही मराठी कान उपयोगी पडतो. परंतु ‘आई मुलाला शाळेत नेते’ या वाक्याचे रशियन करावयास सांगितले, की मराठीचे साह्य संपते. कारण मूल कडेवर असेल तर एक क्रियापद, बोट धरून चालत असेल तर दुसरे, आणि आगगाडीत किंवा मोटारीत असेल तर तिसरे. ज्याने आई आणि मूल डोळ्यांपुढे आणले नाही त्याला हे वाक्य रशियनमध्ये लिहिता येणार नाही. भाषेचा अभ्यास हा पाहण्याचाही अभ्यास आहे असे मी वर्गात वारंवार सांगतो ते याच कारणाने.

या क्रियापदांना उपसर्ग लागू लागले, म्हणजे प्रिशोल (आला), उशोल (निघून गेला), वशोल (आत आला), विशेल (बाहेर पडला), पदशोल (जवळ गेला), अतशोल (बाजूला सरला), पिरिशोल (ओलांडून गेला), दशोल (पोचला) अशी एकाच मुळापासून मोठी प्रजा निर्माण होते. ज्याने शाळेत संस्कृत घेतले आहे, आणि प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही मालिका ज्याच्या परिचयाची आहे, त्याला यात नवल वाटू नये. उपसर्ग धातूला कोठल्या कोठे घेऊन जातो हे तत्त्व आपल्याकडे फार पूर्वी सांगून ठेवलेले आहे. रशियनमध्ये ते रोजच्या बोलण्यात, रस्ता विचारण्यात आणि चहाला बोलावण्यात वावरते, एवढाच भेद.

हे सारे तक्त्यांनी शिकवता येत नाही, गोष्टींनी शिकवता येते, अशी माझी दृढ धारणा आहे, आणि संग्रहातील निवड त्या धारणेनुसार केली आहे. आरंभी तॉलस्तॉय ठेवला आहे. यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या या लेखकाने १८७२ साली ‘आज़्बुका’ हे मुळाक्षरांचे व वाचनपाठांचे पुस्तक प्रसिद्ध केले, १८७५ साली ते नव्याने रचले, आणि त्यातील गोष्टींच्या भाषेवर त्याने जे श्रम घेतले ते आपल्या मोठ्या कादंबऱ्यांवर घेतलेल्या श्रमांहून कमी नव्हते. १८९८ च्या सुमारास ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथात त्याने आपल्या ललित कृती हिणकस कलेच्या सदरात घातल्या तेव्हा अपवाद म्हणून दोनच गोष्टी वगळल्या, आणि त्या दोन्ही या वाचनमालेतल्या होत्या. त्यांपैकी ‘कॉकेशसचा कैदी’ ही गोष्ट येथे संपूर्ण दिली आहे. आईचे पत्र येते म्हणून झीलीन हा अधिकारी रजा घेऊन निघतो, उन्हात रखडत चाललेल्या तांड्याला कंटाळून घोडा पुढे काढतो, पकडला जातो, पळतो, पाय सोलवटलेल्या कोस्तीलीन या सहकैद्याला पाठीवर घेतो, पुन्हा पकडला जातो, आणि अखेर दीना नावाची मुलगी खड्ड्यात लांब काठी सोडते तेव्हा वर येऊन निसटतो. निघणे, पुढे जाणे, वळणे, शिरणे, ओलांडणे, चढणे, घसरणे, वाहून नेणे, सुटणे : गतिवाचक क्रियापदांचे सबंध प्रकरण या गोष्टीत आहे, आणि ते अशा जागी आहे की एक उपसर्ग चुकीचा समजला तर झीलीन तांड्यातून बाहेर पडला की तांड्याला मागे टाकून गेला, हेच उमगत नाही. विद्यार्थ्याने झीलीनच्या वाटेचा नकाशा कागदावर काढावा आणि प्रत्येक वळणावर मूळ क्रियापद लिहावे. माझ्या वर्गात याहून फलदायी स्वाध्याय मी दिलेला नाही.

चेखवची ‘कारकुनाचा मृत्यू’ ही १८८३ सालची गोष्ट क्रियापदांच्या जोडीसाठी घेतली आहे. नाटकगृहात एका कारकुनाला शिंक येते, पुढे बसलेल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या टकलावर तुषार उडतात, आणि तो माफी मागू लागतो. शिंक एकदाच येते व तिचे क्रियापद पूर्ण आहे. माफी मागणे मात्र पुनःपुन्हा चालू राहते आणि ते कधीच तडीस जात नाही. गोष्टीचा शेवटचा शब्द पुन्हा एक पूर्ण क्रियापद आहे, आणि त्याचा आघात ज्याला मुळात जाणवला त्याला क्रियापदांचे तक्ते पाठ करण्याची आवश्यकता उरत नाही. पुश्किनच्या ‘बेल्किनच्या गोष्टी’ १८३० सालच्या. त्यांतील टपालठाण्याच्या अंमलदाराची गोष्ट संग्रहाच्या अखेरीस आहे, कारण तिच्यातील वाक्ये लहान असली तरी त्यांतील शब्द आज जुने झाले आहेत.

शब्दसंग्रहाबद्दल थोडेसे. रशियन शासनमान्य परीक्षांत मूलभूत पातळीला सुमारे १३०० शब्दांची आणि त्यापुढील पहिल्या पातळीला सुमारे २३०० शब्दांची अपेक्षा असते. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने साधारणतः एक हजार नवे शब्द मिळवावयाचे असतात, आणि ते क्रियापदांच्या जोड्या जोड्यांनीच मिळवावेत. इंग्रजी-रशियन शब्दकोश शक्य तितक्या लवकर बाजूला ठेवून १९४९ साली प्रथम निघालेला ओझेगोव यांचा एकभाषी कोश वापरण्याची सवय लावून घ्यावी. उच्चाराच्या बाबतीत आघाताची आणि मृदू व्यंजनांची हयगय करू नये. अंत्य ‘त’ मृदू झाला की ‘भाऊ’ हा अर्थ जाऊन ‘घेणे’ हा अर्थ येतो, आणि आघाताचे स्थान बदलले की पिठाच्या जागी यातना येतात. संग्रहात प्रत्येक शब्दावर आघातचिन्ह दिले आहे ते याचसाठी.

हा अभ्यास कशासाठी करावयाचा, असा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकीतीन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वास्को द गामाच्या आधी, चौल बंदरी उतरला, विकावयास आणलेला घोडा घेऊन जुन्नरला गेला आणि तेथील हाकिमाने तो घोडा जप्त केल्याची हकीकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवता झाला. तेव्हापासून रशियन माणसाने आपल्याविषयी जे कुतूहल दाखवले, त्याच्या मानाने आपण त्यांच्याविषयी दाखवलेले कुतूहल तुटपुंजे आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. बोटलिंक आणि रोट यांचा संस्कृतचा महाकोश १८५५ ते १८७५ या काळात पीटर्सबर्गच्या अकादमीने छापला. कोचेर्गिना यांच्या १९७८ सालच्या संस्कृत-रशियन कोशाला ज़ालिज़न्याक यांच्यासारख्या थोर भाषाशास्त्रज्ञाने संस्कृत व्याकरणाची रूपरेषा जोडली. तात्याना कातेनिना यांनी खुद्द मराठीचे व्याकरण रशियनमध्ये लिहिले. आमच्याकडून धर्मानंद कोसंबी १९२९ साली पाली शिकवण्यासाठी लेनिनग्राडला गेले, अण्णाभाऊ साठे यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. पवईची तंत्रशिक्षणसंस्था १९५८ साली सोव्हिएत साह्याने उभी राहिली, आणि ओझरला मिग विमाने बांधली जाऊ लागली. आज वैद्यकाच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रातून किती मुले रशियात जातात हे सर्वश्रुत आहे, आणि रुग्णाशी बोलताना त्यांना दुसऱ्या वर्षाचीच रशियन लागते.

या सर्वांहून मला निकडीचे वाटणारे कारण निराळे आहे. सोव्हिएत राजवटीत मॉस्कोच्या प्रकाशनगृहांनी रशियन पुस्तके मराठीत छापून अल्प किमतीत येथे पाठवली, आणि एका सबंध पिढीने तॉलस्तॉय, चेखव, गोर्की त्या पुस्तकांतून वाचले. १९९१ नंतर तो ओघ थांबला. तेव्हापासून मराठीत जे रशियन साहित्य येते त्याचा मोठा भाग इंग्रजीच्या वळणाने येतो, आणि त्या वळणावर ‘उघडली’ व ‘उघडली होती’ यांसारखे, मराठीत सहज उतरू शकणारे भेद गळून पडतात. थेट रशियनमधून मराठीत आणणारे अनुवादक आम्हाला हवे आहेत, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या वर्गातूनच निघतील, कारण तिसऱ्या वर्षापर्यंत पोचणारे फार थोडे असतात.

म्हणून शिक्षकबंधूंना व भगिनींना माझी विनंती आहे, की व्याकरणाचे प्रकरण संपेपर्यंत गोष्ट लांबणीवर टाकू नये, आणि वर्गात अर्थ सांगताना मराठीत सांगावा. विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच, की पहिला पाठ शब्दकोश न उघडता एकदा मोठ्याने वाचावा, दुसऱ्या वाचनात प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून त्याचा जोडीदार समासात लिहावा. समास त्यासाठीच रुंद ठेवला आहे.